तेल आमचेच होते

लोणी, ता. आंबेगाव
रविवार, ११ जानेवारी १९९८

अखंड-वातानुकूलित-कक्षाधिष्ठित, दूरध्वनि-त्रय-परिवेष्टित, सकल-वृत्तपत्र-कात्रण-संग्राहक, खंडन-मंडन-स्पष्टीकरण-चक्रवर्ती, समुद्रमणी ऑइल कंपनीच्या प्रसिद्धी-सिंहासनाचे उप-अधिपती, अवसरी-खुर्द-कुलभूषण आणि मुख्यतः माझ्या एकुलत्या एका पत्नीचे एकुलते एक बंधू श्रीमान प्रबुद्ध यांस, लोणी-ग्रामस्थ, संस्कृत-अध्यापक, एकचत्वारिंशद्वर्षीय, अल्पकेश, बहुभाष, आपले दाजी राजरत्न यांचा सविस्तर जय भीम.

येथवर वाचून तू पत्र बाजूला ठेवशील, म्हणून मुद्द्यावर या, असे तुझ्या ताईने स्वयंपाकघरातून बजावले आहे. मुद्दा सुकटीचा आहे.

माझी द्रौपदाआत्या गेली एकतीस वर्षे मंचरच्या रविवारच्या बाजारात चिंचेखाली बसून सुकट-बोंबील विकते, हे मी तुला सांगणे म्हणजे गंगेला जलदान. हाफपँटच्या काळात तू तिच्या पाटीतले बोंबील कच्चेच खात असस. तर गेल्या रविवारी तिने विकलेली सुकट कांदालागवडीच्या बायकांनी दुपारच्या भाकरीबरोबर तोंडात घातली आणि एकमताने थुंकली. तिला रॉकेलचा वास येत होता. आज त्यांतल्या दहा-बारा जणी उरलेले कालवण डब्यांत घेऊन चिंचेखाली उपस्थित झाल्या.

"द्रौपदाबाय, ही सुकाट चुलीवर ठेवायची का चुलीत घालायची, तेवढं सांगा," एकीने विचारले.

"म्या काय रॉकेल पाजलं व्हय तिला?" आत्या म्हणाली. "जशी आली तशी इकली."

"रॉकेलच्या डब्यात ठिवली आसंल," दुसरी म्हणाली. "म्हातारीला आता दिसतंय कुठं."

हे वाक्य दुपारपर्यंत साऱ्या बाजारात फिरले आणि परत आले तेव्हा त्यातला 'असेल' गळून पडला होता. सायंकाळी बाजाराचा ठेकेदार भगवंत आला. "आत्याबाय, एक एप्रिलपास्नं नवा ठेका," तो म्हणाला. "चिंचंखालची जागा मंग न्हाई जमायची. तुमी मागं गटाराकडं बसा. लोकांची तक्रार हाय."

आत्याने पाटी उचलली, एस.टी.त बसली आणि लोणीला उतरली. घरी आल्यावर म्हणाली, "जागंचं न्हाई रं काही. पर म्या मागं जाऊन बसले की लोक म्हणत्याल, बगा, खरंच व्हतं."

आता कार्यकारणभाव. ही सुकट वेळदांड्याच्या कुशाबाई कोळणीकडून आली. ट्रकवाल्याबरोबर कुशाबाईने निरोप धाडला आहे: डिसेंबरात भरतीबरोबर काळे तेल आले, वाळूवर वाळत घातलेल्या सुकटीवरून गेले, त्यांनी ती धुतली, पुन्हा वाळवली, आणि वास गेला असे समजून विकली. डिसेंबरातच तुझ्या कंपनीची समुद्रातली नळी फुटली होती. परंतु वर्तमानपत्रात तुमचे निवेदन मी स्वतः वाचले: 'तवंग खोल समुद्रातच विरला असून किनाऱ्यास त्याचा स्पर्श झालेला नाही.' मराठी शुद्ध होते, त्यावरून ते तुझेच असावे.

आत्याला भरपाई नको. तुझ्या कंपनीने एका कागदावर एवढेच लिहावे: तेल आमचे होते. ते मी बाजारात वाचून दाखवीन. मुदत एकतीस मार्च.

तुझा दाजी,
राजरत्न

०

मुंबई
२१ जानेवारी १९९८

प्रिय दाजी,
सप्रेम जय भीम.

यापुढे कृपया घरच्या पत्त्यावर लिहा. तुमचे पत्र शिपायाने फोडले, पहिले वाक्य वाचले आणि कायदा विभागात नेऊन दिले. त्यांना ती नोटीस वाटली. 'सविस्तर जय भीम' पर्यंत पोहोचल्यावर त्यांनी ते माझ्याकडे पाठवले, पण मधले दोन दिवस गेले.

आत्यांचे वाचून वाईट वाटले. परंतु, दाजी, तुम्ही मागितलेले तीन शब्द लिहायला आमच्याकडे सात सह्या लागतात. महिनाभर आमच्या गेटवर रोज घोषणा चालू आहेत. कोळी लोकांनी काळे झालेले मासे आणून पायऱ्यांवर ओतले. आमचे साहेब खिडकीतून पाहतात आणि म्हणतात, भरती आहे, ओहोटीही येईल. अशा वेळी कंपनीचा एक कागद बाहेर गेला की त्याचे शंभर होतात.

अधिकृत भूमिका तुम्ही वाचली आहेच. तिच्यात मी भर घालू शकत नाही. शिवाय रॉकेलसारखा वास कशानेही येऊ शकतो. वेळदांड्याची वाळू मुळातच काळपट आणि चिकट. बुटांना लागली की निघत नाही. आत्यांनी यापुढे माल झाकणाच्या डब्यात ठेवावा, असे सुचवतो.

ताईला सांगा, ती म्हणते तसा मी वाळलेलो नाही.

तुमचा,
प्रबुद्ध

०

लोणी
सोमवार, ९ फेब्रुवारी १९९८

वज्रमौन-व्रती श्रीमान मेव्हणेराव यांस,

झाकणाच्या डब्याची तुझी सूचना मी आत्याला वाचून दाखवली नाही. तिचा तुझ्याविषयीचा चांगला ग्रह मोडण्याचा अधिकार मला नाही.

दरम्यान येथे इतिहास घडला. गेले तीन रविवार आत्याकडे गिऱ्हाईक नव्हते. परंतु कुशाबाईचा निरोप मी बाजारभर सांगितल्यामुळे लोकांच्या रागाने हळूहळू दिशा बदलली. काल लसूणवाल्या, मिरचीवाल्या आणि कांदालागवडीच्या बायका मिळून साठ जणींनी ठरवले की तेल कंपनीवर मोर्चा न्यायचा. आता मंचरात तेल कंपनी कोठे? विचार फार काळ चालला नाही. हायवेला हौशीरामचा पेट्रोलपंप आहे.

तो पंप दुसऱ्याच कंपनीचा आहे, हे मी सांगून पाहिले. "मास्तर, दोन्हीकडं तेलच ना?" एवढे उत्तर मिळाले. साठ स्त्रियांना चालता चालता उद्योगविश्वाची रचना समजावणे माझ्या शक्तीबाहेरचे होते. शिवाय निवेदन मीच लिहिले होते, त्यात 'समुद्रमणी' हे नाव स्वच्छ होते, आणि खाली आत्याचा अंगठा. निवेदन हातात असले की ते कोणाला तरी द्यावेच लागते. न देता परत आणलेले निवेदन म्हणजे न लागलेले लग्न.

पंपावर ट्रॅक्टरांची रांग होती. हौशीराम बनियनवर बाहेर आला, मोर्चा पाहून आत गेला आणि पांढरा सदरा चढवून आला.

"काय चुकलं माझं?" त्याने विचारले. "माप बरूबर हाय. तपासून बगा."

"मापाचं न्हाई," आत्या म्हणाली. "तुमचं तेल माझ्या सुकटीत आलंय."

हौशीरामने पंपाकडे पाहिले, आत्याच्या हातातल्या सुकटीच्या पुडीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले. तेवढ्यात एकीने पुडी सोडून त्याच्या नाकापुढे धरली. त्याने प्रामाणिकपणे वास घेतला.

"हे डिझेल न्हाई," तो म्हणाला. "पेट्रोलबी न्हाई. हे लई कच्चं हाय. हे खालचं, समुद्रातलं तेल." मग आत्याकडे वळून, "आत्याबाय, माझ्या पंपात समुद्र न्हाई. पर तुमी इथवर चालत आलात. तेल माझं न्हाई, पर मी बी तेलच इकतो. त्या नात्यानं माफी मागतो."

आणि त्याने हात जोडले. मग रीतीप्रमाणे निवेदन त्याने एका टोकाला धरले, आत्याने दुसऱ्या, आणि फोटो निघाला. 'मिळाले' म्हणून त्याने पंपाचा शिक्का मारला. "योग्य ठिकाणी धाडतो," म्हणाला. चहा झाला. ट्रॅक्टरवालेही चहा पिऊन गेले.

मला वाटते, हे प्रकरण मिटले. राग ओसरला. तुझ्या साहेबांना ओहोटीसाठी महिना लागतो. हौशीरामला सात मिनिटे लागली.

तुझा,
राजरत्न

०

मुंबई
१७ फेब्रुवारी १९९८

दाजी,

काहीही मिटलेले नाही. सोबत कात्रण जोडले आहे. पुण्याच्या वर्तमानपत्रात चौकट आहे: 'तेल कंपनीने मागितली जाहीर माफी'. खाली फोटो. कंपनी कोणती, हे बातमीदाराने लिहिलेलेच नाही. साहेबांनी सकाळी मला बोलावून विचारले, "हा पांढऱ्या सदऱ्यातला आपला कोण?" मी म्हणालो, कोणी नाही. ते म्हणाले, "मग त्याने आपल्या वतीने माफी का मागितली?"

हौशीरामभाऊंच्या कंपनीनेही त्यांना फोन करून खुलासा मागितला आहे. त्यावर त्यांनी काय करावे? तुमचे निवेदन, आत्यांचा अंगठा, पंपाचा शिक्का, सारे रजिस्टर पोस्टाने आमच्या मुख्य कार्यालयात धाडले, वर स्वतःची चिठ्ठी: 'आमच्याकडे चुकून आले. तुमचे आहे. घ्या.' ते काल, सोळा तारखेला, पोहोचले. त्यावर आवक क्रमांक पडला आहे.

मला आता खंडन लिहायला सांगितले आहे. दाजी, लिहू काय? 'आम्ही माफी मागितलेली नाही' असे छापून आणले, तर वाचणारा पहिल्यांदा काय विचारेल?

त्यापेक्षा हौशीरामभाऊंनी माफी मागे घ्यावी. तेवढे त्यांच्याकडून करून घ्या. माझ्यासाठी.

प्रबुद्ध

०

लोणी
२४ फेब्रुवारी १९९८

प्रिय प्रबुद्ध,

तुझ्या आज्ञेनुसार हौशीरामला मोटारसायकलवर मागे बसवून लोणीला आणले. त्याला खंत अशी होती की दिलेली वस्तू परत कशी मागावी. प्रयागबाईंनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, त्याच्याबरोबर दोन शेर तांदूळ दिले होते, रिकाम्या हाताने जायला नको म्हणून.

आत्या अंगणात बोंबील निवडत होती.

"आत्याबाय," तो म्हणाला, "माझी माफी परत द्या. वरून फोन आलाय."

"न्या की," आत्या म्हणाली. "म्या कुठं खर्च केलीया."

तो बसला. पाणी प्याला. मग आत्या त्याला म्हणाली, "तुजी माफी ग्वाड व्हती, बाळा. त्या दिशी मला लई बरं वाटलं. पर दुसऱ्या रयवारी बाजारात बसले, तर डब्याचं बोलणारी तीच बाई म्हणती, हौशीराम शेठ भला माणूस, म्हातारीची दया आली म्हणून पाया पडला. म्हंजे रॉकेल माझंच ऱ्हायलं. ज्याचं तेल त्यानं बोलाया पायजे. दुसऱ्यानं बोलून माझा डबा सवच्छ व्हत न्हाई."

हौशीरामने मान हलवली. "बरूबर हाय," म्हणाला. तांदूळ ठेवून गेला. माफी अशा रीतीने विधिपूर्वक मागे घेण्यात आली आहे; तसे साहेबांना कळव.

मी मात्र चुकलो होतो, हे कबूल करतो. मला लोकांचा राग तेवढा दिसत होता. तो शांत झाला म्हणजे काम झाले, असे मी धरून चाललो. तुझे साहेब आणि मी एकाच शाळेत शिकलो असू.

आता तुझे जानेवारीचे पत्र मी पुन्हा काढले आहे. वेळदांड्याची वाळू चिकट असते, बुटांना लागली की निघत नाही, असे तू लिहिलेस. मी तुझ्या ताईला विचारले. ती म्हणाली, वाळू चिकटत नसते, झटकली की पडते. मग मी विचारले, प्रबुद्ध वेळदांड्याला कधी गेला होता? ती म्हणाली, कधीच नाही.

येथे समास संपले. साधे विचारतो. तेल तिथे आले होते की नव्हते? आणि बूट कोणाचे होते?

दाजी

०

मुंबई
१८ मार्च १९९८

प्रिय दाजी,

तुमच्या पत्राला तीन आठवडे उत्तर दिले नाही. ताईने दोनदा फोन केला, तेव्हा मीटिंगमध्ये आहे असे सांगायला लावले. एकदा मी खरोखर मीटिंगमध्ये होतो.

बूट माझे होते. पंधरा डिसेंबरला मला वेळदांड्याला पाठवले होते, पाहून या म्हणून. होड्यांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत वाळू काळी होती. बायका सुकट गोळा करून पाण्यात धूत होत्या, आणि पाण्यावरच तेल होते. एका म्हातारीने मला विचारले, साहेब, हे कधी जाईल? मी म्हणालो, वरिष्ठांना कळवतो. परत येऊन मी चार पानांचा अहवाल दिला. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर बसून, 'स्पर्श झालेला नाही' हे वाक्य मी लिहिले. मराठी शुद्ध होते, हे तुम्ही ओळखलेत.

तुमचे पत्र आल्यावर साहेबांकडे गेलो. मी पाहिले आहे, असे म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही पाहिले असेल. कंपनीने पाहिलेले नाही." मी बाहेर आलो आणि पंधरा दिवस या वाक्याला उत्तर शोधत राहिलो. ते मला आमच्याच नियमपुस्तकात सापडले. वर्तमानपत्रात निवेदन द्यायचे तर सात सह्या. परंतु कोणा व्यक्तीची तक्रार आवक क्रमांक पडून आली, तर तीस दिवसांत उत्तर द्यायचे, आणि ते माझ्या एकट्याच्या सहीने जाते. बारा वर्षांत अशा तक्रारी मी शेकड्याने निकालात काढल्या आहेत; त्यांत खरे लिहू नये, असे कोठेही म्हटलेले नाही. तशी वेळ कोणावर आली नव्हती, एवढेच.

तुमची पत्रे खाजगी होती, त्यांना क्रमांक नव्हता. आत्यांच्या निवेदनाला आहे. साठ जणी चुकीच्या पंपावर गेल्या नसत्या आणि हौशीरामभाऊंनी ते रजिस्टरने धाडले नसते, तर माझ्याकडे उत्तर देण्याजोगे काही आलेच नसते. आज तिसावा दिवस. साहेबांना सांगून, त्यांच्या टेबलावर प्रत ठेवून, पत्र टपालात टाकले. प्रत त्यांनी उलटी करून ठेवली.

आत्यांना पोहोचेल तेव्हा पोहोचेल. मजकूर तुम्हाला आधी कळवतो.

'श्रीमती द्रौपदाबाई, मु. पो. लोणी, यांस. आपल्या तक्रारीच्या संदर्भात कळविण्यात येते की, डिसेंबर १९९७ मध्ये वेळदांडा किनाऱ्यावर आलेले तेल आमचेच होते. तेथे वाळत असलेली सुकट त्या तेलाने खराब झाली. आपल्या साठवणुकीत कोणताही दोष नव्हता. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल कंपनी आपली माफी मागते.'

डब्याच्या झाकणाविषयी मी जे लिहिले होते, ते आत्यांना वाचून दाखवले नाहीत, याबद्दल आभार.

तुमचा,
प्रबुद्ध

०

लोणी
सोमवार, ३० मार्च १९९८

प्रिय प्रबुद्ध,

विशेषणे आज कमी पडतात, म्हणून वापरत नाही.

पत्र गुरुवारी आले. पोस्टमनने आत्याचा अंगठा घेतला आणि मोकळा झालो असे समजून निघाला. तिने त्याला बसवून घेतले. "काय लिवलंय ते ऐकून जा," म्हणाली. "तू बी बोलला व्हतास डब्याचं."

काल बाजारात भगवंतकडे त्याचा पावतीसाठी पुकारायचा कर्णा मागितला. त्याने आधी पत्र स्वतः वाचले, ओठ हलवत, दोनदा. मग कर्णा माझ्या हातात दिला. मी चिंचेच्या पारावर उभा राहून वाचले. हा पहिलाच प्रसंग असा की माझे भाषण अर्ध्या मिनिटात संपले आणि लोकांना तेवढेही पुरेसे वाटले. टाळ्या झाल्या नाहीत. मिरचीवाली म्हणाली, "पुन्यांदा वाचा." मी पुन्हा वाचले. 'तेल आमचेच होते' या ठिकाणी आत्याने हात वर करून मला थांबवले आणि पाटीवरचे फडके सारखे केले. मग म्हणाली, "हां. फुडं."

चुलीत की चुलीवर विचारणारी बाई जरा वेळाने आली. पाटीपुढे बसली. सुकट हातात घेऊन वास घेतला.

"ही कुठली?"

"मुरबाडच्या येपाऱ्याची. वेळदांड्याची आजून येत न्हाई."

"द्या आदपाव." मग उठता उठता, "डब्याचं म्या न्हवते बोलले हां. ती दुसरी व्हती."

"ठाव हाय," आत्या म्हणाली. "तिला बी धाड."

भगवंत नव्या ठेक्याच्या जागांचे क्रमांक चुन्याने लिहीत होता. चिंचेखाली त्याने आत्याचा जुनाच आकडा टाकला आणि चुना तिच्या पाटीवर उडू नये म्हणून फळी आडवी धरली. त्याच्यापुरती एवढी माफी पुष्कळ झाली.

एक गोष्ट मात्र तुला सांगितली पाहिजे, आणि ती आत्याने माझ्या संमतीशिवाय केली आहे. बाजार उठल्यावर तिने तुझ्या पत्राच्या दोन झेरॉक्स काढून घेतल्या. एक हौशीरामला दिली. त्याने ती पंपावर, हवा भरण्याच्या नळीशेजारी चिकटवली आहे. दुसरी ट्रकवाल्याबरोबर वेळदांड्याला कुशाबाईकडे गेली. "तिला बी कुणी तरी इचारत आसंल," आत्या म्हणाली. एका कागदाचे शंभर होतात, असे तूच लिहिले होतेस. आत्तापर्यंत दोन झाले.

तुझ्या नोकरीची काळजी वाटते. ताईला तसे म्हणालो नाही. तीही मला तसे म्हणालेली नाही.

दाजी

०

मुंबई
२२ एप्रिल १९९८

प्रिय दाजी,

कुशाबाई आली होती. चाळीस बायका घेऊन, हातात झेरॉक्स. आमच्या पहारेकऱ्याने विचारले, कोणाला भेटायचे? तिने कागदावर बोट ठेवले. "ही सही ज्याची त्याला." मी खाली गेलो. तिने मला ओळखले. डिसेंबरात वाळूवर मला प्रश्न विचारणारी म्हातारी ती हीच.

"बूट बदलले का?" तिने विचारले. मी हो म्हणालो. "आमाला पाय बदलता येत नाहीत," ती म्हणाली. मग आत आली आणि पंखा मोठा करायला सांगितला.

पुढचे थोडक्यात. कागदावर सही कंपनीची असल्यामुळे तो नाकारावा तर मला काढावे लागते, आणि मला काढावे तर का काढले, हे छापून येते. कायदा विभागाने आठ दिवस विचार केला. शेवटी नवे निवेदन निघाले: 'किनाऱ्याच्या काही भागास तेलाचा स्पर्श झाल्याचे निदर्शनास आले आहे.' त्यावर सातही सह्या आहेत. गेल्या सोमवारपासून वेळदांड्याला आमची माणसे फावडी घेऊन वाळू काढत आहेत. कुशाबाई खुर्ची टाकून बसते आणि राहिलेले दाखवते. आमचा अभियंता सांगत होता, तिच्याइतका कडक पर्यवेक्षक त्याने पाहिलेला नाही.

मला प्रसिद्धी विभागातून काढून तळमजल्यावर नव्याने उघडलेल्या तक्रार विभागात बसवले आहे. ही शिक्षा आहे, असे सर्वजण हळू आवाजात सांगतात. दाजी, येथे एसी नाही, पण खिडकी आहे आणि तिच्यातून बदामाचे झाड दिसते. दिवसाला दहा पत्रे येतात. दहांना मीच उत्तर देतो. रात्री झोप लागते. वजनही वाढले आहे, ताईला सांगा.

प्रसिद्धी विभाग सोडताना तिथल्या कपाटात प्रदर्शनासाठी केलेली एक मोठी छत्री उरली होती, सात फुटांची. आत्यांसाठी स्टोअर विभागामार्फत पाठवली आहे. कंपनीचे नाव आहे तिच्यावर. नको असेल तर रंगवून घ्या.

तुमचा,
प्रबुद्ध

०

लोणी
सोमवार, ११ मे १९९८

तळमजला-विभूषण, बदाम-वृक्ष-साक्षी, दशपत्र-नित्योत्तर-दायक, स्वयमेव-एकसही-समर्थ श्रीमान प्रबुद्ध यांस, द्रौपदा-दरबारातील छत्रधर राजरत्न यांचा, एक हात मोकळा नसल्यामुळे, अर्धा जय भीम.

छत्री पोहोचली. निळी-पांढरी, भव्य, वर चहूबाजूंनी 'समुद्रमणी: निर्मळ उद्याची ऊर्जा'. मी रंगाचा डबा घेऊन गेलो होतो. आत्याने अक्षरे कोणती आहेत ते विचारले, ऐकले, आणि डबा परत नेण्यास सांगितले.

"ऱ्हाऊ द्या नाव," म्हणाली. "तेल कुणाचं, ते लोकास्नी दिसू द्या."

तेव्हापासून तिच्याकडे गर्दी आहे. नवीन पाहुणे छत्रीवरचे नाव वाचून विचारतात, हे इथे कसे? मग आत्या आरंभापासून सांगते, आणि ऐकणारा निदान पावशेर घेतल्याशिवाय उठत नाही. वेळदांड्याची पहिली स्वच्छ सुकट गेल्या आठवड्यात आली. मी स्वतः तिचा वास घेतला. तिला सुकटीचाच वास येतो, इतका की तुझी ताई मला ओसरीवर जेवायला बसवते. चिंचेवर बगळ्यांचा निवास असल्याने छत्रीचा आणखी एक उपयोग आहे, तो विस्ताराने लिहीत नाही.

परंतु एक गोष्ट अशी की, छत्रीबरोबर तिचा लोखंडी पाया आलेला नाही. चिंचेचा पार काँक्रीटचा, त्यात दांडा रोवता येत नाही. कांद्याच्या गोणीत खुपसून पाहिला. वाऱ्याने गोणीसकट आडवा झाला आणि मिरचीवालीचे दोन ढीग एक झाले. भगवंत भोक पाडू देत नाही. हौशीरामने ट्रॅक्टरचे जुने चाक देऊ केले, त्याचे भोक दांड्यापेक्षा तीन बोटे मोठे आहे. परिणामी गेले तीन रविवार सकाळी नऊपासून दोनपर्यंत मी ती धरून उभा आहे. माझे विद्यार्थी बाजाराला येतात आणि वाकून नमस्कार करतात, परंतु नंतर हसतात.

मी तुमच्या स्टोअर विभागाला पत्र लिहिले. उत्तर आले की छत्री ही प्रसिद्धी-सामग्री असून पाया हा स्थापत्य विभागाच्या अखत्यारीत येतो. तरी त्यांच्याकडे तीन प्रतींत अर्ज करावा. स्थापत्य विभागाने कळवले की छत्रीचा क्रमांक दिल्याशिवाय पाया देता येत नाही. क्रमांक, ते म्हणतात, पायावर कोरलेला असतो.

तुझा,
राजरत्न